शेजारच्या सीटवरचा आवाज

शहरात ज्याच्या ज्याच्या दुकानात तराजू होता, त्या प्रत्येकाला काटासाहेब ठाऊक होते. खरं नाव सरकारी कागदावर असेल. बाजारात ते काटासाहेबच. लांबून त्यांची टोपी दिसली की 'आला काटा' ही बातमी शेवटच्या दुकानापर्यंत त्यांच्या आधी पोचायची. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात ते निरीक्षक होते. काखेत चामडी पेटी, पेटीत मखमलीत बसवलेली पितळी वजनं, खिशात खात्याचा शिक्का मारलेली पोलादी टेप. तीस वर्षांत कुणाच्या दुकानात त्यांनी चहाचा घोट घेतला असेल तर शपथ. पाणीसुद्धा घरून न्यायचे.

त्यांची एक खास पद्धत होती. पारडी रिकामी असताना काटा मधोमध उभा राहिला म्हणून हुरळून जायचं नाही, हे ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. दुकानदार माल तोलायला लागला की ते शांतपणे म्हणायचे, "आता पारडी बदला." म्हणजे डावीकडचा माल उजवीकडे ठेवा, उजवीकडचं वजन डावीकडे. बास. दांडीत काही गोम असेल तर ती तिथल्या तिथं उघडी पडायची. पुढं बटणांचे काटे आले, पण भाजीबाजारात जुने तराजू होतेच, आणि साहेबांचा खरा जीव त्या जुन्या तराजूंवरच होता.

पकडला गेला की दुकानदाराचा चेहरा उतरायचा आणि तो एक ठरलेलं वाक्य बोलायचा, "साहेब, थोडासाच फरक आहे हो." रात्री जेवताना साहेब त्याची हुबेहूब नक्कल करून बायकोला ऐकवायचे. "थोडासाच म्हणे! अगं, ज्याच्याकडं पारडं झुकतं त्याला तो नेहमी थोडासाच वाटतो." हे वाक्य साहेबांचं स्वतःचं होतं. ते त्यांना फार आवडायचं आणि महिन्यातून दोनदा तरी ताटावर यायचंच.

बायकोला सगळे वहिनी म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर होत्या. तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, डोक्याला अडकवलेला फोन, समोर लुकलुकणारे दिवे, आणि दिवसभर "हॅलो, कुठला वॉर्ड?" नुसत्या 'हॅलो'वरून त्या सांगायच्या की शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना सर्दी झालीय, की तिसऱ्या मजल्यावरची नर्स आत्ताच रडून उठलीय. बावीस वर्षांत एकही फोन त्यांनी चुकीच्या माणसाला जोडला नव्हता. पण याला 'कान असणं' म्हणतात हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. वहिनींच्याही नाही.

साहेबांनी उतारवयाकडं झुकताना गाडी घेतली. नवी कोरी, करडी, चार दारांची. दारात कंपनीनं बसवलेले चार स्पीकर होते. आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा, पण यायचा. वहिनी शेजारच्या सीटवर बसून त्या डब्यातल्या आवाजाबरोबर गुणगुणायच्या. मधेच गुणगुणणं थांबवून इस्पितळातल्या गमती सांगायच्या, मग पुन्हा गाणं जिथं असेल तिथं जाऊन पकडायच्या. जेवतानाची ती नक्कल सोडली तर घरात दोघांना एकमेकांशी बोलायला फुरसत नसायची. जे काही बोलणं व्हायचं ते गाडीत. गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असायची आणि तिला हात फक्त साहेबांचा लागायचा. वहिनींनी लग्नाआधीच लायसन्स काढलं होतं आणि मुदत संपली की गुपचूप नवं करून आणायच्या. पण "तुला कशाला त्रास?" असं म्हणून साहेब चक्राशी बसायचे ते बसायचेच.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि साडू नवी गाडी दाखवायला आला.

साडू म्हणजे वहिनींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. प्रत्येक घरात एक असतो, ज्याचं सगळं आपल्यापेक्षा दोन बोटं वर असतं; इथं ते काम हा करायचा. त्यानं साहेबांना आपल्या चालवण्याच्या सीटवर बसवलं, गाणं सुरू केलं आणि दार लावलं. एक बाई गात होती. साहेबांना वाटलं, ती समोरच्या काचेच्या आत, अगदी मधोमध उभी राहून गातेय. डावीकडं व्हायोलिन, उजवीकडं बासरी, आणि ढोल बोनेटच्या खाली कुठंतरी. साहेबांच्या अंगावर काटा आला. साडू बाहेरून काचेला नाक लावून हसत होता. "कंपनीचं काही ठेवलं नाही भाऊजी. सगळं उपसून नवं भरलं. तुमच्या गाडीत अजून तेच कागदाचे डबे?"

झालं. साहेबांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. त्या रात्रीपासून त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, साडूची जिरवायची. दुसरी, ती गाणारी बाई आपल्या गाडीत मधोमध उभी राहावी आणि ती ऐकून बायकोनं एकदा तरी म्हणावं, "छान." इतक्या वर्षांच्या संसारात साहेबांच्या कुठल्याही कर्तबगारीला वहिनींनी "बरं झालं" यापलीकडं दाद दिली नव्हती. पहिली इच्छा महिन्याभरात पुरी झाली. दुसरीला नऊ वर्षं लागली, आणि ती अशी पुरी झाली की न झालेली परवडली असती.

टायरवाला आणि काचवाला यांच्यामध्ये एक चिंचोळं दुकान होतं. तिथला मिस्त्री गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचा. तोंडात चार स्क्रू धरून बोलायची त्याला सवय होती; स्क्रू काढून बोलला तर तो काही गंभीर सांगतोय असं समजायचं. त्यानं दाराचं अस्तर खसकन ओढून काढलं आणि कंपनीचा स्पीकर साहेबांच्या हातात दिला. कागदाचा कोन आणि मागं बूटपॉलिशच्या डबीएवढं लोहचुंबक. साहेबांना दुकानदाराचं खोटं वजन हातात आल्यासारखा संताप आला. "एवढ्या किमतीच्या गाडीत हे?"

"सगळे असंच करतात साहेब. गिऱ्हाईक गाडी घेताना बोनेट उघडून बघतं, सीट दाबून बघतं. दार कोण उघडतं?"

पुढचे तीन रविवार साहेब त्या दुकानात स्टुलावर बसून होते. मिस्त्रीनं दारांच्या पत्र्याला आतून काळे चिकट तक्ते डकवले, म्हणजे पत्रा थरथरू नये. दारात नवे मोठे स्पीकर बसवले, आणि आरशाजवळच्या कोपऱ्यांत बारीक आवाजाचे छोटे. बॅटरीपासून बोटाएवढी जाड वायर आत आणली, सीटखाली अॅम्प्लिफायर ठेवला, डिकीत ढोलासाठी एक लाकडी खोका. प्रत्येक सांधा साहेबांनी स्वतः ओढून पाहिला. मिस्त्री वैतागला, पण काही बोलला नाही. तोंडात स्क्रू होते.

शेवटच्या रविवारी एक छोटं यंत्र जोडायचं राहिलं होतं. मिस्त्री म्हणाला, "आता गाणारीला मधोमध आणायचं. बघा साहेब, तुमच्या दाराचा स्पीकर तुमच्या कानाच्या जवळ, पलीकडचा लांब. जवळचा आवाज आधी पोचतो, मोठा लागतो, म्हणून गाणारी तुमच्याच दाराला चिकटते. हे यंत्र जवळच्याला पापणी लवण्याहूनही कमी वेळ थोपवून धरतं आणि लांबच्याला जरा चढवतं. दोन्ही एकदम पोचले की बाई आली मधोमध."

"मग लाव की."

मिस्त्रीनं तोंडातले स्क्रू काढले. "एक आहे. हे एकाच डोक्यासाठी जमतं. कुणाच्या सीटसाठी लावू? की दोघांच्या मधलं लावू? त्यात पुरती मजा कुणालाच येत नाही, पण दोघांनाही बरं वाजतं."

"माझ्यासाठी लावलं तर शेजारच्या सीटवर काय होईल?"

"तिथं बिघडेल. पलीकडचा चढवायचा म्हणजे तो त्यांच्या कानाशीच ना." मिस्त्रीनं साहेबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. गिऱ्हाईक नाराज होतंय असं त्याला वाटलं असावं. "म्हणजे थोडासाच फरक पडेल साहेब."

इथं साहेबांचे कान टवकारायला हवे होते. हे वाक्य ज्या माणसानं हजार वेळा ऐकून हजार वेळा दंड ठोकला, त्यानं नुसती मान हलवली. "गाडी मी चालवतो."

"आणि वहिनी?"

"तिला त्यातलं काही कळत नाही."

मिस्त्रीनं कापडी टेप काढली. साहेबांनी ती हिसकावून घेतली, ओढून पाहिली, आणि म्हणाले, "ही ताणलेली आहे. मीटरमागं तीन मिलिमीटर खोटी." मग खिशातून खात्याची पोलादी टेप काढली आणि ताठ बसून आपल्या कानाच्या पाळीपासून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर मिलिमीटरात मोजून घेतलं. दोनदा. अन्याय करायचा तर तोही साहेब मापात करणार.

मिस्त्रीनं आकडे भरले, गाणं लावलं, आणि ती बाई आली. मधोमध. साहेबांनी हात पुढं करून काचेखालची ती जागा दाखवली, जणू तिला स्पर्श करता येईल. त्यांचे डोळे भरून आले होते हे मिस्त्रीनं नंतर टायरवाल्याला सांगितलं.

साडूची त्याच आठवड्यात जिरली. चालवण्याच्या सीटवर बसून तो पाच मिनिटं काही बोललाच नाही, आणि ही त्याच्या आयुष्यातली एकमेव पाच मिनिटं. साहेब तृप्त झाले. मग त्यांनी वहिनींना बोलावलं, शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः चक्राशी बसले आणि तेच गाणं लावलं.

वहिनींनी अर्धं गाणं ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, ही बाई माझ्या दारात अडकलीय."

"कुठं अडकलीय? ही बघ, इथं उभी आहे. मधोमध!" साहेबांनी बोटानं जागा दाखवली.

"मला तर कानात ओरडल्यासारखी वाटतेय. जरा लहान करता?"

"लहान केलं तर त्यातली मजाच जाईल." साहेबांनी डोळे मिटून घेतले. वहिनी सवयीनं गुणगुणायला लागल्या. साहेब म्हणाले, "शू. ऐकू दे जरा."

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. वहिनी गाडीत गुणगुणायच्या थांबल्या. काही दिवस त्यांनी खिडकी उघडून पाहिली, मग रुमाल कानावर धरून पाहिला, मग डोकं दुखतंय म्हणून मागच्या सीटवर बसायला लागल्या. मागं बसलेल्या माणसाशी बोलायला मान वळवावी लागते, आणि साहेबांचं लक्ष रस्त्यावर आणि त्या मधोमधच्या बाईवर. इस्पितळातल्या गमती घरी येईपर्यंत शिळ्या व्हायच्या, म्हणून वहिनी त्या तिथंच टेलिफोनच्या खोलीत सोडून यायला लागल्या. घरी पाहुणे आले की साहेब एकेकाला चालवण्याच्या सीटवर बसवून गाणं ऐकवायचे. पाहुणे वाहवा करायचे. "वहिनी, तुम्हाला तर रोजच मैफल!" असं कुणी म्हणालं की साहेबच उत्तर द्यायचे, "छे हो, गाढवाला गुळाची चव काय!" आणि सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या. नऊ वर्षं त्या हसल्या.

मग साहेबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. वहिनींच्याच इस्पितळात सकाळी शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर पांढरी पट्टी आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "चार आठवडे गाडी चालवायची नाही." साहेबांनी टॅक्सीचा विषय काढला. वहिनी पुढं झाल्या आणि त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली. पट्टी बांधलेल्या माणसाची फारशी चालत नाही.

वहिनींनी सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. साहेब शेजारच्या सीटवर बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच त्यांनी सुरू केलं, "सायकलवाला! ब्रेक! अगं, ब्रेक! आता दुसरा गिअर टाक. दुसरा!"

"अहो, गाणं लावा," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही गप्प बसाल."

साहेबांनी तेच लावलं, पाहुण्यांना ऐकवायचं ते. व्हायोलिन सुरू झालं ते त्यांच्या दारातून. साहेब चपापले. मग बाई गायला लागली, ती त्यांच्या कानाशी, दाराच्या फटीतून, एखाद्या भांडखोर शेजारणीसारखी. बासरी कुठंच नव्हती. ढोल मागून ढुसण्या देत होता. साहेबांनी बटण डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. वायर सुटली, त्यांना वाटलं. नाहीतर यंत्र जळलं.

"बिघडलंय सगळं! तू कशाला हात लावलास का?"

गाडी सिग्नलला थांबली होती. हिरवा लागला तरी ती हलेना. मागून भोंगे सुरू झाले. साहेबांनी धड डोळ्यानं बायकोकडं पाहिलं. वहिनी चक्रावर दोन्ही हात ठेवून समोर बघत होत्या. रस्त्याकडं नाही, काचेच्या आत, साहेब पाहुण्यांना बोट करून दाखवायचे ना, अगदी त्याच जागेकडं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ही मधोमध उभी आहे."

भोंगे वाढले. वहिनींनी गाडी काढली. बाई दुसऱ्या कडव्यावर आली आणि वहिनी तिच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. नऊ वर्षांत न गायलेला तो आवाज जरा खरखरला, मग गाणं जिथं होतं तिथं जाऊन त्यानं ते पकडलं. सूर एका केसानंही इकडचा तिकडं नव्हता. कानाशी ती बाई ओरडत होती आणि साहेबांना त्या गोंधळातून फक्त शेजारचा तो बारीक आवाज नीट ऐकू येत होता, कारण तो कुठल्या यंत्रातून येत नव्हता. सवयीनं त्यांच्या ओठांवर 'शू' आलं. ते त्यांनी गिळलं.

साहेब तीस वर्षं लोकांची पारडी बदलून बघत आले होते. आपल्या गाडीतल्या दोन सीटा बदलून बघाव्यात हे काही त्यांना सुचलं नव्हतं. आज डॉक्टरांनी त्या बदलायला लावल्या आणि दांडीतली गोम पहिल्याच कडव्यात दिसली. त्यांना लाज वाटली. भर बाजारात पकडल्या गेलेल्या माणसाला वाटते तशी. फरक एवढाच की इथं बाजारात दोघंच होती.

गाणं संपलं. वहिनींनी पुढचं लागू दिलं नाही.

"किती वर्षं झाली हे बसवून?"

"नऊ."

"नऊ वर्षं तुम्हाला इतकं छान ऐकू येत होतं?"

छान. ज्या शब्दासाठी साहेबांनी दारं उपसली, रविवार घालवले, मिलिमीटर मोजले, तो शब्द अखेर आला. ते मान खाली घालून पायांमधल्या पायपुसण्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. तीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या वाक्यांमधून एकच वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं आणि अडवायच्या आत बाहेर पडलं.

"थोडासाच फरक पडेल म्हणाला होता गं मिस्त्री."

वहिनींनी वळणाचा दिवा लावला. त्यांच्या गल्लीचं वळण आलं होतं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

साहेबांनी डोळ्यावरची पट्टी उगाच चाचपली.

"असा कुणी सापडला की तुम्ही काय करता हो?" वहिनींचा आवाज टेलिफोनवरचा होता, शांत आणि नेमका.

"तराजू जप्त करतो."

"किती दिवस?"

"पुन्हा तपासणी होईपर्यंत."

"तपासणी कोण करतं?"

साहेबांनी घसा साफ केला. "ज्यानं पकडलं तो."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी गाडी एकाच झोकात भिंतीलगत नेऊन लावली, दोन बोटांचं अंतर ठेवून. घरात शिरल्यावर साहेबांनी सवयीनं दारामागच्या खिळ्याकडं पाहिलं. वहिनींनी किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.